बोटांसाठी लिपी : पॅरिसच्या अंधशाळेची गोष्ट

वर्गात शिकवताना आपण बहुतेक वेळा आपल्याला सोपी वाटणारी पद्धत वापरतो. ती विद्यार्थ्यालाही सोपीच वाटत असणार, असे आपण न बोलता धरून चालतो. हे गृहीत चुकीचे ठरले तर काय होते आणि चूक दुरुस्त व्हायला किती काळ लागतो, याचे एक ठळक उदाहरण शिक्षणाच्या इतिहासात आहे. पॅरिसमध्ये १७८५ साली अंध मुलांसाठी एक निवासी शाळा सुरू झाली. अंध मुलांना लिहायला-वाचायला शिकवणारी ही जगातली पहिली शाळा मानली जाते. काही वर्षांतच ती सरकारने आपल्याकडे घेतली. ब्रेल लिपी याच शाळेत जन्मली. ती तयार केली एका विद्यार्थ्याने, आणि तिला काही काळ बंदी घातली त्याच शाळेच्या संचालकाने. या शाळेची ही हकीकत आहे.

पंधरा विसा माणसे

आपल्याकडे जुनी माणसे विसाच्या हिशेबाने मोजत असत. 'तीन विसा नि दहा' म्हणजे सत्तर. जुन्या फ्रेंच भाषेतही अशी पद्धत होती. पॅरिसमध्ये राजा नववा लुई याने १२६० च्या सुमारास तीनशे अंधांसाठी एक आश्रम स्थापन केला. त्याचे नावच 'कँझ-व्हँ' म्हणजे 'पंधरा विसा' असे पडले. पंधरा गुणिले वीस बरोबर तीनशे. तिथल्या अंधांना राहायला जागा मिळे आणि भीक मागण्याची अधिकृत परवानगीही मिळे. त्या काळाच्या दृष्टीने ही मोठीच दया होती. पण त्यांना काही शिकवावे, हा विचार त्यात नव्हता. अंध माणूस शिकू शकतो, असे कोणाच्या मनातच आले नव्हते.

तसे पाहिले तर एकेकट्या अंध विद्वानांची उदाहरणे होती. इंग्लंडमधील निकोलस सॉन्डरसन याची दृष्टी वयाच्या पहिल्याच वर्षी देवीच्या रोगाने गेली. तरीही १७११ साली तो केंब्रिज विद्यापीठात गणिताचा प्राध्यापक झाला. न्यूटन पूर्वी ज्या पदावर होता, तेच हे पद. छिद्रे पाडलेल्या पाटीवर टाचण्या खोचून तो स्पर्शाने आकडेमोड करत असे. फ्रान्समधील विचारवंत दिदेरो याने १७४९ साली अंधांविषयी एक पुस्तिका लिहिली. तिच्यात सॉन्डरसनच्या या पाटीचे वर्णन आहे. डोळ्यांनी जे ज्ञान मिळते ते हातांनीही मिळू शकते का, असा प्रश्न दिदेरोने विचारला. त्या पुस्तिकेतील धर्मविषयक मते राज्यकर्त्यांना खपली नाहीत आणि दिदेरोला काही महिने तुरुंगात काढावे लागले. पण प्रश्न मात्र लोकांसमोर आला होता.

जत्रेतला तमाशा

व्हालांतँ आउई हा एका विणकराचा मुलगा. त्याचा जन्म १७४५ चा. त्याचा थोरला भाऊ रने-झ्युस्त आउई हे नाव विज्ञानाच्या शिक्षकांना परिचित असेल. स्फटिकशास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी तो एक. व्हालांतँ मात्र भाषांचा जाणकार होता. परकीय भाषांतील कागदपत्रांचे भाषांतर करणे, जुनी हस्तलिखिते व सांकेतिक लेखन उलगडणे हा त्याचा व्यवसाय. लिपी म्हणजे नुसती अक्षरे नव्हेत, ती खुणांची एक व्यवस्था असते, हे त्याला या कामामुळे नीट माहीत होते.

१७७१ साली पॅरिसमधील एका जत्रेत त्याने एक प्रकार पाहिला. एका उपाहारगृहाच्या मालकाने काही अंध माणसांना विचित्र झगे, उंच टोप्या आणि बिनकामाचे मोठे चष्मे घालून मंचावर बसवले होते. समोर स्वरलिपीचे कागद ठेवले होते. हातातली वाद्ये ते बेसूर वाजवत होते आणि लोक पोट धरधरून हसत होते. आउईने पुढे लिहून ठेवले आहे की, अंधांना खरोखरच वाचायला शिकवायचे, हा निश्चय त्याने हे दृश्य पाहून केला.

निश्चयाचे काम प्रत्यक्षात यायला मात्र तेरा वर्षे लागली. मधल्या काळात ले'पे या धर्मगुरूने पॅरिसमध्ये मूकबधिर मुलांसाठी चालवलेली शाळा प्रसिद्ध झाली होती. हातांच्या खुणांनी भाषा शिकवता येते, हे तिथे दिसत होते. १७८४ साली व्हिएन्नाची अंध पियानोवादक मारिया तेरेझिया फॉन पाराडिस पॅरिसला आली. उशीवर टोचलेल्या टाचण्यांच्या अक्षरांवरून ती वाचायला शिकली होती. आउई तिला भेटला. एका श्रीमंत घरातील मुलीला जे साधले, ते गरीब मुलांनाही साधेल असे त्याला वाटू लागले.

पहिला विद्यार्थी

त्याला पहिला विद्यार्थी मिळाला तो एका चर्चच्या दारात. फ्रांस्वा लस्यूर हा सतरा वर्षांचा मुलगा जवळजवळ जन्मापासून अंध होता आणि भीक मागून घर चालवायला मदत करत होता. शिकायला आला तर त्या दिवसाची मिळकत बुडणार. तेव्हा तेवढे पैसे आउईने स्वतः द्यायचे कबूल केले. गरीब मूल शाळेत येत नाही त्याचे कारण अनेकदा बुडणाऱ्या मजुरीत असते, हे दोनशे वर्षांपूर्वीच्या या शिक्षकाला बरोबर कळले होते.

आउईने लाकडी अक्षरे करून लस्यूरला शिकवायला सुरुवात केली. असे सांगतात की, एक दिवस आउईच्या टेबलावरचे कागद चाचपताना लस्यूरच्या बोटांना एका छापील निमंत्रणपत्राच्या मागच्या बाजूला उठाव जाणवला आणि त्याने अक्षर ओळखले. छपाईचा दाब जोरात पडला होता, त्यामुळे अक्षर पाठीमागे उमटले होते. इथून आउईला दिशा मिळाली. मोठे खिळे ओल्या, जाड कागदावर दाबायचे. कागद वाळला की उठावाची अक्षरे तयार होतात आणि बोटांनी ती वाचता येतात.

लस्यूरची प्रगती विद्वानांसमोर दाखवली गेली. पॅरिसमधील एका परोपकारी मंडळाने आधीच बारा अंध मुलांच्या मदतीचा भार उचलला होता. ती मुले आउईकडे सोपवण्यात आली आणि १७८५ साली शाळा सुरू झाली. भाषा, गणित, उठावाच्या नकाशांवर भूगोल, संगीत, शिवाय सूतकताई, विणकाम आणि छपाई असे विषय तिथे होते. १७८६ साली अंधांच्या शिक्षणावरचे आउईचे पुस्तक प्रसिद्ध झाले. ते त्याच्या अंध विद्यार्थ्यांनीच छापले होते. त्याच वर्षी डिसेंबरात मुलांना व्हर्सायच्या राजवाड्यात नेण्यात आले. सोळावा लुई आणि दरबारी यांच्यासमोर मुलांनी वाचून, लिहून आणि गणिते सोडवून दाखवली.

शाळा सरकारी होते

१७८९ साली राज्यक्रांती झाली. परोपकारी मंडळाला पैसे देणारे अनेक सरदार-दरकदार देश सोडून गेले आणि शाळेची मिळकत आटली. १७९१ साली राष्ट्रीय सभेने शाळेचा खर्च सरकारकडे घेतला. हा निर्णय महत्त्वाचा आहे. तोपर्यंत अंध मुलांचे शिक्षण हे श्रीमंतांचे पुण्यकर्म होते. आता ते राष्ट्राचे कर्तव्य ठरले.

पण सरकारी आश्रय म्हणजे सुरक्षितता असे झाले नाही. आधी काटकसर म्हणून अंधांची आणि मूकबधिरांची शाळा एकाच जुन्या मठात एकत्र करण्यात आली. आता विचार करा : एका गटाची मुले खुणांनी बोलणारी, दुसऱ्या गटाची मुले त्या खुणा न दिसणारी. दोन्ही गटांचे हाल झाले आणि १७९४ मध्ये शाळा पुन्हा वेगळ्या केल्या गेल्या. पुढे १८०१ च्या सुमारास अंधशाळा 'पंधरा विसा' आश्रमात विलीन करण्यात आली. शिक्षण मागे पडले आणि कारखान्यातले काम पुढे आले. १८०२ साली आउईला निवृत्तिवेतन देऊन घरी पाठवण्यात आले. त्याने काही काळ खाजगी शाळा चालवली. मग रशियाच्या झारच्या निमंत्रणावरून १८०६ साली तो सेंट पीटर्सबर्गला गेला, वाटेत बर्लिनला थांबला. या दोन्ही शहरांत अंधांच्या शाळा सुरू झाल्या. स्वतःच्या देशात मात्र त्याची शाळा नावापुरतीच उरली होती.

राजेशाही परत आल्यावर १८१६ साली शाळा पुन्हा आश्रमातून वेगळी निघाली आणि रू सँ-व्हिक्तोर या रस्त्यावरच्या एका जुन्या धर्मशिक्षण संस्थेच्या इमारतीत भरू लागली. इमारत शेकडो वर्षांची, अरुंद आणि ओलसर होती. राज्यक्रांतीच्या काळात तिचा तुरुंगही झाला होता. नवे संचालक गिये यांनी रशियाहून परतलेल्या म्हाताऱ्या आउईला शाळेत पाऊलही ठेवू दिले नाही. १८२१ मध्ये पिन्ये हे संचालक झाले, तेव्हा त्यांनी आउईला सन्मानाने बोलावले आणि मुलांनी त्याच्यासाठी गाणी म्हटली. पुढच्याच वर्षी, मार्च १८२२ मध्ये, आउई वारला.

जिनगराचा मुलगा

या ओलसर इमारतीत १५ फेब्रुवारी १८१९ रोजी दहा वर्षांचा एक मुलगा दाखल झाला. त्याचे नाव लुई ब्रेल. पॅरिसपासून सुमारे चाळीस किलोमीटर अंतरावरील कूव्रे गावात त्याचे वडील जिनगर होते, म्हणजे घोड्यांची खोगिरे आणि लगाम बनवत. लुई तीन वर्षांचा असताना वडिलांच्या कामाच्या जागी खेळत होता. हातातले धारदार हत्यार, बहुधा आरी, त्याच्या डोळ्यात गेली. जखम चिघळली, संसर्ग दुसऱ्या डोळ्यालाही झाला आणि पाच वर्षांचा होईपर्यंत तो पूर्ण अंध झाला. आईवडिलांनी त्याला गावच्या शाळेत डोळस मुलांबरोबर बसवले. ऐकून ऐकून तो चांगला शिकला. पण वाचन-लेखनाचा प्रश्न आला तेव्हा त्याला पॅरिसलाच पाठवावे लागले.

शाळेत वाचायला होती ती आउईच्या पद्धतीची पुस्तके. तिची मर्यादा आता नीट समजून घेऊ. उठावाची अक्षरे ही डोळ्यांसाठी असलेली अक्षरेच होती, फक्त फुगवलेली. डोळा संपूर्ण आकार एका क्षणात पाहतो. बोटाला तो आकार रेषेरेषेने चाचपावा लागतो. देवनागरीचे उदाहरण घ्या. 'घ' आणि 'ध' किंवा 'भ' आणि 'म' यांत डोळ्याला फरक पटकन दिसतो. बोटाला मात्र तो लहानसा फरक शोधत बसावे लागते. तो जाणवावा म्हणून अक्षर मोठे करावे लागते. अक्षर मोठे झाले की पानावर थोडाच मजकूर बसतो, पुस्तक जाड आणि जड होते आणि वाक्याच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात विसरते. त्याहून मोठी अडचण म्हणजे अशी अक्षरे अंध मुलाला स्वतःला लिहिता येत नव्हती. खिळे जुळवून छापता येत होते एवढेच. वर्गात टिपण काढणे, घरी पत्र लिहिणे, आपण लिहिलेले पुन्हा वाचणे यांतले काहीच शक्य नव्हते.

बारा ठिपके आणि सहा ठिपके

१८२१ साली शार्ल बार्बिए नावाचा माजी लष्करी अधिकारी शाळेत एक नवी पद्धत घेऊन आला. सैनिकांना रात्री अंधारात निरोप वाचता यावेत म्हणून त्याने ती शोधली, अशी गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. बार्बिएच्या स्वतःच्या लेखनात भर आहे तो मात्र वेगळ्या गोष्टीवर. ज्यांना दीर्घकाळ शाळेत जाता येत नाही त्यांना आणि अंधांना झटपट लिहिता-वाचता यावे, ही त्याची तळमळ होती.

त्याने फ्रेंच भाषेतील ३६ ध्वनी घेऊन सहा ओळी आणि सहा स्तंभांच्या तक्त्यात मांडले. ध्वनी दाखवायचा तो ठिपक्यांच्या दोन उभ्या रांगांनी. डाव्या रांगेत जितके ठिपके तितवी ओळ आणि उजव्या रांगेत जितके ठिपके तितवा स्तंभ. म्हणजे एका ध्वनीसाठी कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त बारा ठिपके. लिहिण्यासाठी त्याने खाचांची पाटी आणि टोचणीही दिली होती. अंध मुलांना पहिल्यांदाच स्वतः लिहिता येऊ लागले आणि लिहिलेले वाचता येऊ लागले.

मुलांना ही पद्धत आवडली, पण तिच्यातले दोषही त्यांनाच कळले. ती ध्वनींवर आधारलेली असल्याने शब्दांचे प्रमाण लेखन शिकता येत नव्हते. विरामचिन्हे आणि अंक नव्हते. संगीत तर लिहिताच येत नव्हते. शिवाय सहा ठिपक्यांची उंच रांग बोटाखाली एकदम मावत नसे. बोट वर-खाली फिरवून ठिपके मोजावे लागत.

लुई ब्रेलने तीन वर्षे या प्रश्नावर काम केले. दिवसा अभ्यास, म्हणून हे काम रात्री आणि सुट्टीत. १८२४ साली, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याची पद्धत आकाराला आली होती. त्याने उंची निम्मी केली : तीन ठिपक्यांच्या दोन रांगा, एकूण सहा. बदल लहान दिसतो, पण त्यामागे शरीरशास्त्र आहे. बोटाच्या टोकाला दोन वेगळे बिंदू वेगळे म्हणून जाणवण्यासाठी त्यांच्यात साधारण दोन मिलिमीटर अंतर लागते. आजच्या ब्रेलमध्ये ठिपक्यांमधले अंतर सुमारे अडीच मिलिमीटर असते आणि पूर्ण खूण बोटाच्या टोकाखाली एकदम मावते. ठिपके मोजावे लागत नाहीत, त्यांचा नमुना ओळखता येतो. बोट फक्त डावीकडून उजवीकडे सरकत राहते.

सहा जागा पुरतात का? गणिताच्या तासाला हा प्रश्न जरूर द्यावा. प्रत्येक जागी ठिपका असेल किंवा नसेल, असे दोन पर्याय. दोनाचा सहावा घात म्हणजे ६४. त्यातली एक जागा पूर्ण रिकामी, म्हणून उरल्या ६३ खुणा. अक्षरे, अंक, विरामचिन्हे आणि संगीताची स्वरलिपी या सगळ्यांना संदर्भानुसार तेवढ्या पुरतात. रचनाही शिकायला सोपी आहे. पहिली दहा अक्षरे वरच्या चार ठिपक्यांतून होतात. त्याच दहा खुणांना खालचा डावा ठिपका जोडला की पुढची दहा अक्षरे मिळतात आणि खालचे दोन्ही ठिपके जोडले की त्यापुढची. म्हणजे दहा खुणा पाठ झाल्या की बाकीच्या फारशा पाठ कराव्याच लागत नाहीत.

१८२९ साली ब्रेलने आपली पद्धत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. तिच्यात ठिपक्यांबरोबर काही आडव्या रेघाही होत्या. वापरताना त्या त्रासदायक ठरल्या, म्हणून १८३७ च्या आवृत्तीत त्या गेल्या. मूळ कल्पना बार्बिएची असल्याचे ब्रेलने स्वतः नमूद केले आहे. तोपर्यंत तो याच शाळेत शिक्षक झाला होता आणि पॅरिसमधील एका चर्चमध्ये ऑर्गनही वाजवत असे. १८३७ सालीच शाळेच्या छापखान्यात फ्रान्सच्या इतिहासाचे तीन खंड ब्रेलमध्ये छापले गेले.

शाळेने मुलांच्या हाताला काम दिले, त्याचे एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. क्लोद मोंताल हा इथला अंध विद्यार्थी एका मित्राबरोबर स्वतः खटपट करून पियानो सुरात लावायला शिकला. अंधांना हे कसे जमणार, अशी शंका घेणाऱ्यांना त्याने काम करून दाखवले आणि १८३६ साली त्या विषयावर पुस्तकही लिहिले. पियानो लावण्याचा व्यवसाय युरोपात अंधांसाठी खुला झाला तो त्याच्यापासून.

बंदी

पिन्ये यांचा ब्रेल पद्धतीला पाठिंबा होता. पण १८४० साली त्यांना जावे लागले आणि त्यांचे सहायक द्यूफो संचालक झाले. द्यूफो अंधांच्या शिक्षणावर पुस्तक लिहिलेले विद्वान गृहस्थ होते. त्यांचे म्हणणे असे की, अंधांची लिपी डोळसांपेक्षा वेगळी असली तर अंध समाजापासून तुटतील. डोळस शिक्षकांना न वाचता येणारी लिपी शाळेत कशाला? त्यांनी परदेशातून उठावाच्या अक्षरांचा एक नवा नमुना आणला, जुनी पुस्तके काढून टाकली आणि ब्रेल बंद केली.

हा युक्तिवाद आपण हसण्यावारी नेऊ नये. तो प्रामाणिक होता आणि ऐकायला पटणाराही होता. सर्वांसाठी एकच लिपी हे ध्येय वाईट कसे म्हणता येईल? त्यात एकच प्रश्न विचारायचा राहून गेला होता : वाचणार कोण? उठावाची अक्षरे शिक्षकाच्या डोळ्याला सोयीची होती, विद्यार्थ्याच्या बोटाला नव्हती. मुलांनी आपले उत्तर कृतीने दिले. टोचणी नाही तर जे हाती लागेल त्याने ती चोरून ब्रेल लिहीत राहिली. मोठी मुले लहानांना शिकवत राहिली.

दरम्यान इमारतीचा प्रश्न सुटला. मुले आजारी पडत होती. खुद्द ब्रेललाही क्षयाने गाठले होते. १८३८ साली कवी आणि लोकप्रतिनिधी लामार्तीन यांनी शाळेच्या दुरवस्थेविषयी प्रतिनिधिगृहात भाषण केले आणि नव्या इमारतीसाठी पैसे मंजूर झाले. १८४३ च्या अखेरीस शाळा बुलव्हार दे झँव्हालिद या रस्त्यावरच्या प्रशस्त इमारतीत आली. आजही ती तिथेच आहे आणि तिला लुई ब्रेलचे नाव दिलेले आहे.

२२ फेब्रुवारी १८४४ रोजी नव्या इमारतीचे उद्घाटन झाले. या समारंभात सहायक संचालक ग्वादे यांनी ब्रेल पद्धतीची माहिती देणारे भाषण केले. मुलांनी सांगितलेला मजकूर लिहून घेतला आणि तो ऐकलेला नसलेल्या मुलांनी वाचून दाखवला. मुले करत आहेत ते बरोबर आहे, हे ग्वादे यांनी ओळखले होते आणि द्यूफो यांचे मन वळवले होते. द्यूफो यांनीही आपले मत बदलले, हे त्यांच्याविषयी सांगायलाच हवे. बंदी उठली.

लुई ब्रेल ६ जानेवारी १८५२ रोजी, त्रेचाळीस वर्षे पूर्ण झाल्यावर दोनच दिवसांनी, क्षयाने गेला. त्याच्या लिपीचा अधिकृत स्वीकार १८५४ सालचा. म्हणजे लिपी तयार झाल्यापासून तीस वर्षांनी.

कोणी ठरवायचे?

पुढचा प्रवासही सरळ नव्हता. प्रत्येक देशात कोणा ना कोणा डोळस सद्गृहस्थाने आपली स्वतंत्र लिपी काढली होती आणि प्रत्येकाला आपलीच चांगली वाटत होती. इंग्लंडमध्ये टॉमस आर्मिटेज या डॉक्टरची दृष्टी अधू झाल्यामुळे त्याला व्यवसाय सोडावा लागला. १८६८ साली त्याने एक समिती नेमली. सभासदत्वाच्या अटी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत : सभासद बोटाने वाचणारा असावा, त्याला निदान तीन पद्धती येत असाव्यात आणि कोणत्याही पद्धतीत त्याचा आर्थिक हितसंबंध नसावा. समितीने पुष्कळ तपासणी केली आणि ब्रेलची निवड केली. १८७८ साली पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनेही ब्रेललाच पसंती दिली. अमेरिकेत मात्र निरनिराळ्या ठिपका-पद्धतींची भांडणे विसाव्या शतकापर्यंत चालली.

भारतात अंधांची पहिली शाळा १८८७ साली अमृतसरला ॲनी शार्प या मिशनरी बाईंनी काढली. मुंबईत १९०० साली, मोठ्या दुष्काळाच्या दिवसांत, अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी शाळा सुरू केली. आज ती दादरची अंधशाळा म्हणून ओळखली जाते. १९०२ साली ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा निघाली. पण इथेही तोच घोळ झाला. प्रांतागणिक आणि संस्थेगणिक वेगवेगळे ब्रेल. एका शाळेतले पुस्तक दुसरीत वाचता येईना. स्वातंत्र्यानंतर भारत सरकारने युनेस्कोकडे हा प्रश्न नेला आणि १९५१ साली सर्व भारतीय भाषांसाठी एकच भारती ब्रेल ठरले. त्याच वर्षी डेहराडूनला सरकारी ब्रेल छापखाना सुरू झाला.

भारती ब्रेलमध्ये मराठी 'क'ची खूण इंग्रजी 'के'चीच आहे, 'म'ची 'एम'ची आणि 'ल'ची 'एल'ची. एक गंमतही आहे. 'कि' लिहिताना आपण वेलांटी आधी काढतो आणि 'क' नंतर, पण उच्चारतो मात्र उलट. ब्रेलमध्ये आधी 'क' आणि मग 'इ', अगदी उच्चाराच्या क्रमाने. पहिलीच्या मुलाची ऱ्हस्व वेलांटीपाशी होणारी अडचण तिथे येतच नाही.

वर्गात करून पाहा

एक जाड कागद किंवा जुने पोस्टकार्ड, खाली घडी घातलेले फडके आणि एक बोथट दाभण एवढेच साहित्य घ्या. सहा जागांना असे क्रमांक आहेत : डावी रांग वरून खाली १, २, ३ आणि उजवी रांग वरून खाली ४, ५, ६. आता 'कमल' लिहा. क म्हणजे १ आणि ३. म म्हणजे १, ३ आणि ४. ल म्हणजे १, २ आणि ३. मागच्या बाजूने टोचायचे असल्याने लिहिताना उजवीकडून डावीकडे जायचे आणि खुणा उलट काढायच्या, म्हणजे १, २, ३ ही रांग उजवीकडे येईल. मग कागद उलटा आणि वाचा.

दुसऱ्या कागदावर जाड दोरा चिकटवून 'घ' आणि 'ध' ही अक्षरे करा. मुलांना डोळे मिटून दोन्ही कागद चाचपायला द्या. कोणते अक्षर किती वेळात ओळखता आले, याची नोंद त्यांनीच करावी. मात्र एक गोष्ट मुलांना जरूर सांगा. पाच मिनिटे डोळे मिटल्याने अंधत्व कळत नाही, आणि सराव झालेली अंध व्यक्ती आपल्यापेक्षा कितीतरी वेगाने वाचते. या प्रयोगातून कळते ते एवढेच की, बोटाला काय सोपे हे डोळ्याने ठरवता येत नाही.

आज अंध मुले विशेष शाळांत शिकतात, तशी आपल्या नेहमीच्या वर्गांतही येतात. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्याने ब्रेल जाणणारे शिक्षक तयार करण्याची आणि नेमण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. बोलणारे फोन आणि संगणकही आले आहेत, त्यामुळे आता ब्रेलची गरज काय, असे विचारले जाते. ऐकून पुष्कळ कळते. पण शब्दाचे लेखन, विरामचिन्हे, गणितातील मांडणी या गोष्टी स्वतः वाचून आणि लिहूनच पक्क्या होतात. डोळस मुलांना रेडिओ आणि दूरदर्शन आहे म्हणून आपण त्यांची पुस्तके काढून घेत नाही.

द्यूफो यांच्या शाळेत उत्तर वर्गातच होते. मागच्या बाकावर बसून मुले ते चोरून लिहीत होती. आपल्या वर्गात एखादे मूल सांगितलेली रीत सोडून वेगळ्याच रीतीने गणित सोडवत असेल किंवा धडा पाठ करत असेल, तर ती वही खोडण्यापूर्वी त्याला जवळ बोलवावे आणि विचारावे, 'हे तू कसे केलेस, मला दाखवतोस का?'